एकवीस किलोमीटरची गोष्ट

थंडीचे दिवस आले की आपल्या शहरांत रविवारच्या पहाटे एक वेगळीच वर्दळ दिसते. दूधवाले, पेपरवाले अजून रस्त्यावर यायचे असतात, आणि छातीवर क्रमांक लावलेली माणसं घोळक्या-घोळक्यानं धावत निघतात. त्यात कॉलेजची मुलं असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात आणि पन्नाशीच्या गृहिणीही. विचारलं तर बरेच जण थोडं संकोचूनच सांगतात, "पूर्ण नाही हो, हाफ!" जणू काही अर्धंच काम करून आलो, असा तो सूर असतो.

ही 'हाफ' म्हणजे अर्धमॅरेथॉन. अंतर २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. चर्चगेटहून लोकलनं अंधेरीला जाताना जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढं. आता कुणालाही प्रश्न पडावा, की हे साडेसत्त्याण्णव मीटर आले कुठून? सरळ वीस किंवा पंचवीस किलोमीटर का नाहीत? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधू लागलो की सव्वाशे वर्षांचा इतिहास समोर येतो. रस्त्यावर कोणी धावायचं आणि कोणी नुसतं कडेला उभं राहून बघायचं, हे कसं ठरत गेलं आणि कसं बदलत गेलं, त्याचाच तो इतिहास आहे.

सुरुवात अर्थातच मॅरेथॉनपासून. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडितानं ग्रीक दंतकथेतल्या दूताची आठवण म्हणून एक लांब शर्यत सुचवली. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतची ती शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती आणि ती स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूनं जिंकली. पण अंतर काही ठरलेलं नव्हतं. जिथे ऑलिंपिक भरेल तिथला रस्ता जेवढा असेल, तेवढी मॅरेथॉन!

१९०८ साली लंडनला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करायची आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपवायची, असं ठरलं. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याच शर्यतीत दोरान्दो पिएत्री हा इटालियन धावपटू स्टेडियममध्ये पहिला पोहोचला, पण पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी त्याला हात देऊन उभं केलं, आणि त्या मदतीपायीच तो बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेसला मिळालं. पण जगाच्या लक्षात राहिला तो पिएत्री, आणि त्याच्याबरोबर ती शर्यतही.

तरीसुद्धा अंतर पक्कं झालं नव्हतं. १९१२ ला स्टॉकहोममध्ये ते ४०.२ किलोमीटर होतं, तर १९२० ला अँटवर्पमध्ये ४२.७५ किलोमीटर. या अँटवर्पशी आपलं जवळचं नातं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुलं सर दोराबजी टाटांनी पाहिली. ही मुलं जगाच्या मैदानावर उतरली पाहिजेत, असं त्यांनी मनावर घेतलं. त्यातून अँटवर्पला जो भारतीय चमू गेला, त्यात बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले होते. त्यांनी ती मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि १९ वा क्रमांक मिळवला. आजच्या मापापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर ते जास्त धावले होते! पुढच्याच वर्षी, १९२१ साली, आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघानं लंडनचं ४२.१९५ किलोमीटर हेच अंतर कायम केलं. त्याला दोननं भागलं की येतात २१.०९७५ किलोमीटर. आपल्या साडेसत्त्याण्णव मीटरांचं मूळ हे असं एका राजवाड्याच्या आवारात आहे.

म्हणजे बघा, अर्धमॅरेथॉनच्या पाठीशी ना दंतकथा, ना दूत, ना युद्ध. ती भागाकारातून जन्माला आली. ऑलिंपिकमध्ये तिला आजतागायत जागा मिळालेली नाही. कित्येक वर्षं तर तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. युरोप-अमेरिकेत दहा मैल, वीस किलोमीटर, पंचवीस किलोमीटर अशा शर्यती होत. अर्धं अंतर हे फार तर मोठ्या शर्यतीपूर्वीचा सराव मानलं जाई. जुन्या आणि टिकून राहिलेल्या अर्धमॅरेथॉनपैकी एक शर्यत पोर्तो रिको बेटावरच्या कोआमो या गावची. गावच्या संत ब्लासच्या उत्सवाला जोडून १९६३ पासून ती भरू लागली. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तसाच हा प्रकार.

मग ही दुर्लक्षित शर्यत जगभर पसरली कशी? त्यासाठी आधी धावण्याकडे बघण्याची दृष्टीच बदलावी लागली. त्या काळी धावणं हे खेळाडूचं काम होतं. चांगला जाणता माणूस विनाकारण रस्त्यानं पळतो आहे, हे दृश्य लोकांना चमत्कारिक वाटे. न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक होते. एकेकाळी बुटांच्या कारखान्यात काम केलेला हा माणूस. त्यांच्या शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅल्बर्ग यांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. पण लिडियार्ड यांचं खरं मोठेपण पुढेच आहे. मध्यमवयीन, सुटलेल्या पोटाच्या, काही तर हृदयविकारातून उठलेल्या माणसांना त्यांनी बेतानं, गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं धावायला लावलं. १९६२ च्या अखेरीस अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे आले, या मंडळींबरोबर धावले आणि ती कल्पना अमेरिकेला घेऊन गेले. सत्तरच्या दशकात तिचं वेड झालं. 'जॉगिंग' हा शब्द आपल्याही बागांपर्यंत येऊन पोहोचला तो त्यानंतरच.

दुसरा अडसर होता तो स्त्रियांचा. खरं म्हणजे स्त्रियांचा नव्हे, त्यांना अडवणाऱ्यांचा! १८९६ मध्येच स्तामाता रेविथी नावाची एक गरीब ग्रीक बाई मॅरेथॉन धावायला आली होती. तिला नकार मिळाला. दुसऱ्या दिवशी ती एकटीच ते अंतर धावली. पुढे १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत झाली, तर त्या थकून बसलेल्या पाहून 'हे बायकांना झेपणार नाही' असा निर्वाळा देण्यात आला. मग १९६० पर्यंत ती शर्यत बंदच राहिली. १९६६ मध्ये बॉबी गिब बॉस्टन मॅरेथॉन क्रमांकाविना धावली. १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झरनं नाव नोंदवताना फक्त आद्याक्षरं लिहिली आणि क्रमांक मिळवला. तर एक पदाधिकारी धावत तिच्या अंगावर गेला आणि तो क्रमांक ओढून काढू लागला. त्याची छायाचित्रं जगभर छापली गेली. स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावायला मिळाली ती १९८४ साली, लॉस एंजलिसला. पुरुषांनंतर तब्बल ८८ वर्षांनी!

अर्धमॅरेथॉनला ही उशिराची शरम वाट्याला आली नाही. ती वयात आली तीच मुळी हे दार उघडल्यानंतर.

आता आपण इंग्लंडच्या ईशान्य टोकाला जाऊ. टाइन नदीच्या काठावर न्यूकॅसल, गेट्सहेड, जॅरो, साउथ शील्ड्स ही गावं एकमेकांना लागून आहेत. कोळशाच्या खाणी आणि जहाजबांधणी यांवर जगलेला हा प्रदेश. १९३६ साली बेकारीनं गांजलेले जॅरोचे सुमारे दोनशे कामगार, काम द्या अशी मागणी घेऊन, इथूनच लंडनपर्यंत पायी गेले होते. १९८१ साली पुन्हा तेच दिवस आले. जहाजांचे कारखाने बसू लागले होते, ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा पंचवीस लाखांवर गेला होता.

याच भागातला ब्रेंडन फॉस्टर हा नावाजलेला धावपटू. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं कांस्यपदक त्यानं मिळवलं होतं. १९७९ मध्ये तो ऑकलंडला गेला असताना तिथल्या समुद्रकाठानं धावणाऱ्या हजारो सामान्य लोकांबरोबर धावला. ऑकलंड म्हणजे लिडियार्ड यांचंच गाव, हे लक्षात घ्या. आपल्या गावातही असं का होऊ नये, हा विचार घेऊन फॉस्टर परतला. २८ जून १९८१ रोजी न्यूकॅसलहून टाइनवरचा पूल ओलांडून साउथ शील्ड्सच्या समुद्रापर्यंत पहिली 'ग्रेट नॉर्थ रन' झाली. सुमारे १२ हजार माणसं धावली. ज्या रस्त्यांवरून कामगार पाळीला जात, त्याच रस्त्यांवर त्या दिवशी त्यांची बायकामुलं टाळ्या वाजवत उभी होती. २०१४ साली या शर्यतीनं एकूण दहा लाख धावपटूंचा टप्पा ओलांडला.

एवढ्या लोकांना हेच अंतर का मानवलं? याचं उत्तर थोडं आपल्या शरीरात आहे. स्नायू आणि यकृत यांत साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती जोरात धावणाऱ्याला साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते. मॅरेथॉनमध्ये त्यानंतर अचानक पाय शिशाचे होतात. धावपटू त्याला 'भिंत आडवी आली' म्हणतात. अर्धमॅरेथॉन त्या भिंतीच्या बरीच अलीकडे संपते. तरीही ती सोपी नाही. दीड-दोन, कुणाला तीन तास सतत हृदय आणि फुप्फुसं कामाला लागतात; पंधरा किलोमीटरनंतर मन हळूच सांगू लागतं, पुरे आता. पण नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा सांभाळून तीन-चार महिने नेमानं सराव करणाऱ्या माणसाला हे अंतर झेपतं. आणि सोमवारी तो लंगडत का होईना, कामावर जाऊ शकतो.

अंतर मोजण्याचीही एक मौज आहे. रस्त्यावरची शर्यत मोटारीच्या काट्यावर मोजत नाहीत. सायकलच्या चाकाला एक गणक बसवतात, मापलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चालवून चाकाचे फेरे आणि मीटर यांचं प्रमाण काढतात, आणि मग वळणांवर जवळात जवळची वाट धरून सगळा मार्ग मोजतात. अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारामागे एक मीटर जादा धरतात. म्हणजे अर्धमॅरेथॉनमध्ये २१ मीटर जास्तच! शिवाय विक्रम मान्य व्हायचा, तर सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको आणि उतारही किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा अधिक नको. ग्रेट नॉर्थ रन या नियमात बसत नाही. २०१९ साली केनियाची ब्रिजिड कोस्गेई तिथे १ तास ४ मिनिटं २८ सेकंदांत धावली. त्या वेळच्या विश्वविक्रमापेक्षा ही वेळ सरस होती, पण विक्रम म्हणून ती धरली गेली नाही.

जगज्जेतेपदाची पहिली अर्धमॅरेथॉन भरली १९९२ मध्ये, आणि तीही याच टाइनच्या काठी. केनियाचा बेन्सन मस्या आणि स्कॉटलंडची लिझ मॅकॉल्गन हे पहिले विजेते. पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही पहिल्याच वर्षापासून सारखंच स्थान आणि सारखंच अंतर. मॅरेथॉनला जे साधायला ८८ वर्षं लागली, ते तिच्या अर्ध्या बहिणीनं पहिल्याच दिवशी केलं. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, मिलान शहरात केनियाच्या मोझेस तनुईनं ५९ मिनिटं ४७ सेकंद अशी वेळ देऊन तासाची मर्यादा मोडली. एरिट्रियाच्या झेरसेनाय तादेसेनं २०१० साली लिस्बनला ती ५८ मिनिटं २३ सेकंदांवर आणली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला इथिओपियाचा योमिफ केजेल्चा ५७ मिनिटं ३० सेकंदांत धावला. म्हणजे प्रत्येक किलोमीटर पावणेतीन मिनिटांच्या आत, आणि तेही एकवीस वेळा! स्त्रियांमध्ये लेतेसेनबेत गिदे या इथिओपियाच्याच मुलीनं २०२१ साली व्हॅलेन्सियात १ तास २ मिनिटं ५२ सेकंद अशी वेळ नोंदवली.

आपल्या देशासाठी २००४ हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धा दिल्लीला भरली. केनियाचा पॉल किरुई आणि चीनची सुन यिंगजिए तिथे जिंकले. पुढल्या वर्षापासून दिल्लीची स्वतःची अर्धमॅरेथॉन सुरू झाली. पुण्याला तर १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनची परंपरा होतीच. मुंबईत पुढे हाफ धावणाऱ्यांना वांद्रे-वरळी सागरी सेतू पायी ओलांडायची संधी मिळू लागली. एरवी त्या पुलावर माणसाला पाय ठेवता येत नाही. साताऱ्याला २०१२ पासून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेवर जायचं आणि परत यायचं, अशी अर्धमॅरेथॉन होऊ लागली. मुंबई-पुण्याची माणसं पावसाळी धुक्यात घाट चढायला तिथे हौसेनं जातात.

या सगळ्या हौसेच्या जोडीला आपल्याकडे धावण्याचं आणखी एक जग आहे. बीड, सातारा, सांगली, नाशिकच्या खेड्यांत पहाटे अंधारातच डांबरी रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. त्यांना वजन कमी करायचं नसतं. त्यांना सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हायचं असतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे हा असाच एक शेतकऱ्याचा मुलगा. शाळा गावापासून लांब, वाहनाची सोय नाही. तो पायी आणि पळत जाई. बारावीनंतर तो लष्करात गेला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत राहिला, आणि मग धावपटू झाला. अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीत त्यानं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याआधी, २९ नोव्हेंबर २०२० रोजी, दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्यानं १ तास ३० सेकंद अशी वेळ दिली आणि राष्ट्रीय विक्रम केला. किलोमीटरला सरासरी २ मिनिटं ५२ सेकंद! ६१ मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय. फडेप्पा चौगुल्यांपासून साबळेपर्यंत बरोबर शंभर वर्षं होतात.

या शंभर वर्षांकडे पाहताना मला एक गोष्ट खटकते. धावणं हा सर्वांत स्वस्त खेळ, असं आपण म्हणतो. शहरांतल्या मोठ्या शर्यतींचं प्रवेशशुल्क, बूट, प्रवास, मुक्काम यांचा खर्च जोडून पाहा. खेड्यातल्या पोराला तो परवडणारा नाही. तो शर्यतीला येतो तो बक्षिसाच्या रकमेवर नजर ठेवून, आदल्या रात्री एसटीनं, आणि मुक्काम एखाद्या ओळखीच्याकडे किंवा स्टँडवरच. अर्धमॅरेथॉन वाढली ती दार उघडं ठेवल्यामुळे. बेकार कामगार, चाळिशीतली बाई, सुटलेल्या पोटाचा कारकून अशा सगळ्यांना तिनं एकाच रेषेवर उभं केलं. तेच दार आपल्याकडे पैशापायी अर्धवट लागणार असेल, तर आयोजकांनी आणि आपणही विचार करायला हवा. शाळकरी आणि ग्रामीण धावपटूंसाठी काही जागा विनाशुल्क ठेवणं हे काही कुणाला जड जाणारं काम नाही.

धावू इच्छिणाऱ्यांना दोन शब्द. एकदम एकवीस किलोमीटरच्या मागे लागू नका. आधी चाला, मग पाच, मग दहा किलोमीटर धावा. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. आपल्या दमट हवेत घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. पाणी प्यायलाच हवं, पण भीतीपोटी नुसतं पाणीच पाणी पोटात ओतणंही घातक असतं. छातीत दुखलं, भोवळ आली, तर तिथेच थांबा. थांबलात म्हणून कुणी हसत नाही. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

आणि धावून आल्यावर कुणी विचारलं, तर "हाफच केली हो" असं म्हणू नका. "एकवीस किलोमीटर धावून आलो" एवढंच सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)